सुपडूमामा आणि गिरधरचं सुख

माझ्या सुपडूमामांना एकदा मोतीबिंदू झाला नाही, आणि त्यावरून ते महिनाभर रुसून बसले होते.

त्याचं असं झालं. समोरच्या घरात राहणाऱ्या गिरधरआबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते काळा चष्मा लावून ओट्यावर बाज टाकून बसू लागले. येणारा-जाणारा थांबायचा, चौकशी करायचा. कुणी केळ्यांची फणी ठेवून जायचं, कुणी पपई. मामा आपल्या ओट्यावरून हे सगळं बघत होते. मग एके सकाळी त्यांनाही दिसेनासं झालं.

"जिजा, माले धुरकट दिसस," मामा म्हणाले.

"रातले वरणमाना खडा तं बराबर दिसना तुमले," जिजामामी चुलीपासून म्हणाली.

मामांनी ऐकलं नाही. एसटीने अमळनेर गाठलं. डोळ्यांचा डॉक्टर तरुण होता. मामांना अक्षरओळख बेताची, म्हणून त्याने भिंतीवरची उलटसुलट तोंडाची चिन्हं दाखवली आणि तोंड कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. मामांनी सगळी बिनचूक सांगितली, अगदी खालची बारीक रांगसुद्धा. चुकीची सांगायला हवी होती हे त्यांच्या लक्षात आलं, पण परतीच्या एसटीत.

"बाबा, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे," डॉक्टर म्हणाला होता. त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा खूष होईल.

मामा पडलेल्या चेहऱ्याने घरी आले. "त्याना दोन्ही डोयामा नवी काच बसाडी दिन्ही," ते मामीला म्हणाले, "आनि मना डोयामा म्हने काईच नई!" अमळनेरच्या बाजारातून आणलेला काळा चष्मा मात्र त्यांनी लावला. कुणी केळी आणली नाहीत. शेवटी एका संध्याकाळी तो चष्मा लावून ते दारातल्या शेळीवर जाऊन आदळले आणि मामीने चष्मा उचलून चुलीत टाकला.

आमचं आजोळ तापीकाठचं, अमळनेरपासून एसटीने तासाभराच्या अंतरावर. आम्ही भोई. आजोबा मासे मारायचे, मामाही मासेच मारतात. खाली बंधारा झाल्यापासून गावापुढची नदी तलावासारखी पसरली आहे, आणि गावातली काही घरं त्या पाण्यावर अजून टिकून आहेत. मामा अंगाने काटकुळे, रंगाने काळेभोर, आणि चालताना एक खांदा वर, जणू त्याच्यावर कायम जाळं टाकलेलं आहे. बोलतात अस्सल अहिराणी. स्वभावाने इतके मऊ की जाळ्यात कासव आलं तर त्याची माफी मागून त्याला सोडून देतील. दोष एकच. त्यांना हेवा वाटतो.

पण मामांचा हेवा सगळ्या जगाचा नाही. सरपंचाने गाडी घेतली तेव्हा मामांनी तिला स्वतःच्या हाताने हार घातला. पलीकडच्या आळीत कुणी दोन मजले चढवले तर मामा रस्त्यात उभे राहून कौतुकाने मान वर करून बघतात. त्यांचा हेवा फक्त गिरधरआबांसाठी राखून ठेवलेला आहे. गिरधरआबांनी नवी प्लास्टिकची बादली जरी आणली, तरी मामांच्या घशाखाली घास उतरत नाही.

"त्यानं बरं शे. आपलं काय!" हे मामांचं पालुपद. गिरधरला ताप आला की त्यानं बरं शे, घरी झोपायला मिळालं. गिरधरचं छप्पर वाऱ्याने उडालं की त्यानं बरं शे, आता नवीन पत्रे येतील. नवीन पत्रे आले की मग तर बोलायलाच नको.

एकदा गिरधरआबांच्या जाळ्यात भलामोठा कटला लागला. तो दोन्ही हातांत धरलेला त्यांचा फोटो पेपरात आला. मामांनी तो अंक आणून मला दाखवला. मला वाटलं, आता माशाच्या वजनावर शंका निघणार. पण मामांनी फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे कुणाची तरी पाठ आणि एक कोपर दिसत होतं.

"हाई पाठ मनी शे," मामा म्हणाले.

"छान आली आहे," मी म्हटलं.

"छापाना तं आख्खा मानूस छापाना. निस्ती पाठ काय छापतस?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आनि सुमा, तो मासा मनाच जायाकडे यी ऱ्हायंता. याना खोकलामुये वयना." म्हणजे मासा मामांच्याच जाळ्याकडे येत होता, गिरधरच्या खोकल्यामुळे वळला.

यावर हसायचं नसतं. मी आतल्या आत हसले.

हद्द झाली ती गिरधरआबांची बायको गेली तेव्हा. बाई सगळ्या गावाची लाडकी, तेराव्याला लोटली ती माणसं अंगणात मावेनात. मामा दिवसभर पंगती वाढत होते, डोळे पुसत होते. घरी येऊन बसले आणि मामीला म्हणाले, "जिजा, तू जाशी तवय इतला लोक येथीन का?"

"पहिले तुम्ही जा," मामी म्हणाली, "मंग दखूत."

खरं म्हणजे एके काळी मामा आणि गिरधरआबा एकाच होडीत बसायचे. होडी दोघांनी मिळून बांधून घेतली होती. एक वल्हं मारायचा, दुसरा जाळं सोडायचा. बिनसलं ते एवढ्यावरून, की गाव त्या होडीला "गिरधरची होडी" म्हणायचं. गिरधरआबा उंच, आवाज खणखणीत, होडी काठाला लागायच्या आत त्यांचं बोलणं काठाला लागायचं. त्यांच्यापुढे मामा कुणाला दिसायचेच नाहीत. मामांनी पुष्कळ सोसलं. मग एक दिवस काठावर एका गिऱ्हाइकाने मामांनाच विचारलं, "गिरधरची होडी आली का?" मामा त्या वेळी त्याच होडीत बसले होते.

वाटणी झाली. दोघंही हट्टी. होडी गिरधरआबांकडे गेली आणि वल्ही मामांकडे आली. मग कितीतरी दिवस गिरधरआबा वल्ह्याविना होडीत बसून, आणि मामा होडीविना वल्ही खांद्यावर घेऊन काठावर उभे! गावाने मध्यस्थी केली, पण कुणी मागे हटेना. शेवटी गिरधरआबांनी नवी वल्ही केली, मामांनी नवी होडी केली, आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते कायमचं. ओटे समोरासमोर, होड्या शेजारी शेजारी, पण शब्द नाही. तेव्हा मी शाळेत होते. आता माझी मुलगी शाळेत जाते.

मी धुळ्याला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तास कमी पडले की मिळेल ते दुसरं काम करते. असंच एक काम आलं. नदी-तलावांवर मासेमारी करणारी माणसं आपल्या धंद्यावर आणि आयुष्यावर किती समाधानी आहेत, हे मोजायचं. अभ्यास पुण्याच्या एका मॅडमचा. घरोघर जाऊन माणसांशी बोलायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, आणि काही महिन्यांनी परत जाऊन तेच पुन्हा विचारायचे. मॅडमनी एक जाड पुठ्ठा दिला होता. त्यावर शिडी काढलेली. खालची पायरी म्हणजे सगळ्यात वाईट आयुष्य, वरची दहावी म्हणजे सगळ्यात चांगलं. "तुम्ही कुठल्या पायरीवर आहात?" असं विचारायचं. गावं वाटून घेतली तेव्हा मी मामांचं गाव मागून घेतलं. म्हटलं, निदान जेवणाची सोय होईल.

मामांना मी शेवटी बसवलं. उन्हाळ्याचे दिवस, ओट्यावर कडुनिंबाचा मोहोर झडत होता. मामांनी धुतलेला सदरा घातला होता.

"मामा, पहाटे कामाला निघता तेव्हा मनात काय असतं?"

"गिरधर निघना का, हाई."

"या कामात धोका वाटतो का?"

"गिरधरनाच."

"मामा, गिरधरआबांना बाजूला ठेवा. पुढच्या जन्मी संधी मिळाली तर हाच धंदा कराल का?"

मामा विचारात पडले. बिडी काढली, पेटवली नाही. मग म्हणाले, "पुढला जल्मले गिरधर काय करनार शे? तू इचारं का त्याले?"

"विचारलं. पण सांगता येत नाही. नियम आहे."

"तो मासाच मारनार व्हई तं मी बी मारसू. त्याले एकलाले नदी कशी सोडी दिऊ?"

मग मी शिडी पुढे केली. मामांनी पुठ्ठा हातात घेतला, आडवा धरला, उभा धरला, सगळ्या पायऱ्यांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, माणूस आपलं आयुष्य तोलतो आहे.

"गिरधर कोठे हुबा शे?"

"मामा, ते सांगता येत नाही म्हटलं ना!"

"मंग त्यानापेक्षा एक पायरी वर लिख."

"आकडा सांगावा लागतो."

"त्याना आकडा सांग, मी मना सांगस."

जेवणात त्या दिवशी मरळ होती. काळ्या मसाल्याचा रस्सा, कळण्याची भाकरी, ठेचा. मामी वाढता वाढता सहज म्हणाली, "सुमा, गिरधरभाऊना पायरीनं काय झायं वं?" मी वर पाहिलं तर मामी भिंतीकडे बघत होती. मामांनी तिला पढवून बसवलं होतं, आणि मासळीतला सगळ्यात चांगला तुकडा माझ्या ताटात का पडला तेही मला कळलं. मी तुकडा खाल्ला आणि गप्प बसले. मामांनी चिडून "पाच" सांगितलं.

मी तोंड बंद ठेवलं, पण गिरधरआबा थोडेच ठेवणार! दुसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "मी तं नऊ सांगं! आपले काय कमी शे?"

मामा तिथेच होते, पाठ फिरवून बसलेले. पुढ्यातला चहा तसाच ठेवून ते उठून आले.

"नऊ?" ते मला म्हणाले. "कसाना नऊ? घरमा बाई नई. पोऱ्या सुरतले. गुडघा दुखस. सोताना हातवर भाकरी थापस, ती बी करपेल. आनि नऊ?" त्यांना खरोखर कोडं पडलं होतं. "मना घरमा जिजा शे. दोन लेकी जवयच्या गावमा दिन्ह्यात. गुडघा धडधाकट. डोया बी धडधाकट! आनि मी पाच? तो काय खास, सुमा? काय पेस?"

मी धुळ्याला परतले. पुढचं मामीने फोनवर सांगितलं. मामांनी गिरधरआबांच्या सुखाचा शोध सुरू केला होता. गिरधरआबा बिनदुधाचा चहा पितात हे कळल्यावर मामांनी दूध बंद केलं. त्यांची बाज उत्तर-दक्षिण म्हणून मामांनी आपली बाज फिरवली. ते सकाळी ओट्यावर रेडिओ लावतात, म्हणून मामांनी जुना रेडिओ दुरुस्त करून आणला. तो फक्त खरखरायचा, पण मामा त्याच्याजवळ नेमाने बसायचे.

"मी इचारं, वाढनं का सुख?" मामी फोनवर सांगत होती. "ते म्हनतस, आजून नई. पन चहा मातर लई कडू लागस."

पाऊस झाला, दिवाळी झाली. दुसऱ्या फेरीसाठी मी थंडीत गावी गेले. पहाटेच आरडाओरड्याने जाग आली. आवाज नदीकडून येत होता. मी घाबरून बाहेर आले तर मामी शांतपणे अंगण झाडत होती.

"काय झालं?"

"काई नई. तुना मामा आनि गिरधरभाऊ. रोजनंच शे."

"ते बोलतात?"

"बोलतस कसाना, भांडतस! आते महिना झाया व्हई. मानूस येडा झाया माय. इतला वरीस तोंडले कुलूप, आनि आते सकाय उगनी की सुरू."

मी चादर गुंडाळून काठावर गेले. पाण्यावर धुकं होतं. दोन होड्या एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर, आणि होडीत उभे राहून दोन म्हातारे एकमेकांवर ओरडत होते.

"ए गिरधर! तुना जायाना दोर मना पानीमा कसाले उना?"

"तुनं पानी? पानीवर तुनं नाव लिखेल शे का?"

"आंधया शे का तू? हाई झाडपाईन त्या दगडलगून मी बसस!"

"मना डोयामा नवी काच शे! माले बठ्ठं दिसस! तुनं मुंडकं बी दिसस!"

"मंग दोर गुंडाय अन् दूर व्हय!"

"नई व्हत! काय करशी?"

"सकाय परत ईसू! मंग दखू!"

"ये! मी काय पयी जानार शे का?"

"पळून जाणार नाही" हे शब्द गिरधरआबांनी इतक्या उत्साहाने उच्चारले की काठावरचे बगळे उडाले. दोघांचेही चेहरे लाल झाले होते. भांडण संपल्यावर मामा खाली बसले आणि वल्हं मारत काठाकडे आले, अगदी ताजेतवाने.

सकाळी मी गिरधरआबांकडे गेले. पुन्हा तेच प्रश्न. शिडी समोर धरली. या वेळी त्यांनी थोडा वेळ घेतला.

"सहा लिख," ते म्हणाले.

मला धक्काच बसला. माणूस तर आधीपेक्षा टवटवीत दिसत होता. अंगणात झाडलोट केलेली, सदरा धुतलेला. "आबा, मागे तुम्ही नऊ सांगितलं होतं. काही बिनसलं का?"

ते ओशाळून हसले. "मांगे खोटं सांगं माय. तू सुपडूनी भाची. तुनापुढे कमी कसं सांगू? त्याना कानवर जावाले पायजे व्हतं ना!" मग म्हणाले, "तवय खरं सांगतू तं एक सांगतू. नईतं ते बी नई."

पुण्याच्या मॅडमनी संध्याकाळी फोनवर विचारलं, या माणसाचं समाधान इतकं खाली कसं आलं? नोंद तपासून पाहा. मी म्हटलं, नोंद बरोबर आहे. नवातून सहावर आलेला माणूस खरं तर एकावरून सहावर चढला आहे, हे त्यांच्या तक्त्यात कुठे बसवायचं ते मला सुचेना.

त्याआधी दुपारी मामा मला होडीतून बंधाऱ्याकडे घेऊन गेले होते. ऊन कोवळं होतं. मी विचारलं, "मामा, एवढी वर्षं गप्प होतात. आता हे रोजचं भांडण कशासाठी?"

"त्याना दोर मना पानीमा येस."

"दोर पूर्वीही येत असेल."

मामा वल्हं मारत राहिले. मग होडी एका वाकलेल्या बाभळीखाली नेऊन थांबवली. म्हणाले, "जिजाले सांगू नको."

दिवाळी झाली त्यानंतरची गोष्ट. गिरधरच्या सुखाचा काही केल्या पत्ता लागेना, म्हणून मामा एका दुपारी याच बाभळीआड होडी लपवून बसले. गिरधरआबांची होडी पाण्याच्या मधोमध होती. जाळं पायाशी पडलेलं, टाकलेलंच नव्हतं. आणि ते बोलत होते. हात हलवत, मान डोलवत, मोठ्याने.

"माले वाटनं, पोऱ्यानी सुरतथीन नवा मोबाईल धाडा," मामा म्हणाले. "मनमा म्हनं, हाई शे त्यानं सुख! बरं शे बुवा, बसना गप्पा मारत. मना जीव इतला जयना, तुले काय सांगू! म्हनं, दखू तरी कोनता मोबाईल शे." म्हणून ते हळूहळू, पाण्याचा आवाज न करता, झाडाच्या सावलीने जवळ गेले.

"मग?"

"मोबाईल नव्हता."

मामांनी हातातलं वल्हं आडवं ठेवलं.

"हातमा काईच नव्हतं. होडीना दुसरा टोकले तोंड करीसन बोली ऱ्हायंता. गुडघा दुखस, सांगे. नातूनी शायानं सांगे. आज भाकर करपनी, सांगे. मंग थांबे, आनि 'हा... हा... मंग काय' म्हने. जसं समोर कोनी बसेल शे." मामा पाण्याकडे बघत होते. "टपरीवर तं इतला हासस. गावले वाटस, राजा मानूस. आनि पानीमधार जाईसन..."

मामांनी वल्हं पुन्हा हातात घेतलं.

"मी तसाच मांगे फिरनू," मामा म्हणाले. "वल्हं बी वाजू दिन्हं नई. दुसरा दिन सकायले गऊ. वाटनं, काईतरी बोलो. काय बोलू? इतला वरीसमा बोलानी सवय गयी. 'कसा शे गिरधर' म्हनतू तं त्याले वाटतं, ह्यानी दखं. मंग त्याना दोर दिसना."

"आणि तुम्ही ओरडलात."

"पहिले तो बावचयना. मनाकडे दखतच ऱ्हायना. मंग असा भांडना, असा भांडना... काय आवाज शे सुमा त्याना अजून! मना इतला आवाज नई निंघत." आणि मामांच्या चेहऱ्यावर पुन्हा तो जुना हेवा आला, खरा, अस्सल. त्या आवाजाचाही त्यांना हेवाच वाटत होता.

त्या दुपारी माझी शिडी पिशवीतच राहिली. मामांना मी दुसऱ्या फेरीचे प्रश्न नंतर विचारले, पण पुढच्या जन्माचा तेवढा विचारला नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी गिरधरआबांनी मला हाक मारून ओट्यावर बसवलं. सुरतहून मुलाने बोलावलं होतं, नातवाचा वाढदिवस होता. सकाळच्या पहिल्या एसटीने अमळनेर, तिथून गाडी. आठवडाभर राहून परत यायचं.

"सुपडूले तूच सांगजो," ते म्हणाले.

"तुम्ही सांगा ना. समोर तर घर आहे."

"मी सांगसू तं तो भांडी," गिरधरआबा पिशवीची दोरी बांधत म्हणाले. "तो भांडना म्हंजे मना पाय निंघाऊ नई."

मामांना मी रात्रीच्या जेवणात सांगितलं. त्यांनी "हं" म्हटलं आणि भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. मी वाट बघत होते की आता सुरतेचं, गाडीचं, नातवाचं काहीतरी निघेल. निघालं नाही. मामीनेही माझ्याकडे पाहिलं.

सकाळी एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा मामा नेहमीसारखे जाळं खांद्यावर टाकून नदीकडे निघून गेले होते. माझी बस दुपारची होती. मी मामीला मेथी निवडू लागत ओट्यावर बसले. नदीकडून काही आवाज आला नाही. ऊन अजून नीट तापलंही नव्हतं, तेवढ्यात मामा परत आले. खांद्यावरचं जाळं कोरडं होतं.

मामीने जाळ्याला हात लावून पाहिलं. "आज तं बठ्ठं पानी तुमना एकलानं व्हतं," ती म्हणाली. "मंग जायं कोरडं कसं?"

मामांनी जाळं खुंटीला अडकवलं. ओट्याच्या कडेला येऊन बसले. समोर गिरधरआबांच्या दाराला कुलूप होतं, आणि रिकाम्या अंगणात कुणाची तरी कोंबडी फिरत होती. मामांनी बिडी पेटवली, दोन झुरके मारले.

"सुमा," ते म्हणाले, "सुरतथीन गाडी कितला वाजता येस?"

"मामा, ते आजच सकाळी गेले आहेत."

"माले म्हाईत शे," मामा म्हणाले. "मी निस्ता टाईम इचारी ऱ्हायनू."